मातीच्या अर्कातले नायट्रेट अतिनील प्रकाशाने मोजताना आकडा कुठे फुगतो

प्रश्न थोडक्यात असा. मातीचा अर्क २ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये काढला आणि २२० नॅनोमीटरला नायट्रेट मोजले. कॅलिब्रेशनची रेषा सरळ आहे, आर-वर्ग ०.९९९९. अर्कात मुद्दाम घातलेले नायट्रेट ९८ टक्के परत सापडते. वाळूसर मातीचे आकडे कॅडमियमच्या पद्धतीशी (कॅडमियमच्या स्तंभातून नेऊन नायट्रेटचे नायट्राइट करायचे आणि रंगावरून मोजायचे) जुळतात. मात्र काळपट, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत ते दुप्पट-तिप्पट येतात, तेही २७५ नॅनोमीटरच्या वाचनाची दुप्पट वजा केल्यानंतर. मग चूक कुठे आहे?

यंत्रात नसावी. कॅलिब्रेशनमध्ये तर नाहीच. चूक त्या 'दुप्पट'मध्ये आहे. दोनाने गुणून वजा करायचा हा नियम पिण्याच्या आणि स्वच्छ नैसर्गिक पाण्यासाठी आला. मातीच्या अर्काला तो आपण सवयीने लावतो. पाणी तपासणीच्या ज्या प्रमाणित पद्धतीतून तो उचलला गेला, तिथेच स्पष्ट बजावले आहे की ही केवळ प्राथमिक छाननीची तपासणी आहे, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या पाण्यासाठीच वापरा, आणि वजा करायची रक्कम २२० च्या वाचनाच्या १० टक्क्यांहून जास्त झाली तर ही पद्धत सोडून द्या. गंमत म्हणजे सूत्र सगळ्यांच्या वहीत असते, ही अट क्वचितच कोणाच्या वहीत सापडते.

मुळात काय मोजले जाते ते आधी बघू. नायट्रेट आयनाचा अतिनीलमधला मुख्य शोषण-पट्टा साधारण २०१ ते २०३ नॅनोमीटरला आहे आणि तो फार जोरदार आहे. तिथे मोलर शोषकता (एक मोलर द्रावणाचे एका सेंटिमीटरमधले शोषण) दहा हजारांच्या जवळ जाते. दुसरा पट्टा ३०२ नॅनोमीटरच्या आसपास आहे, पण तिथे ती जेमतेम ७ आहे. म्हणजे एका सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक पात्रात) लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन असले तरी शोषण ०.०५ च्या आसपासच मिळते. खताच्या टाकीतले घट्ट द्रावण मोजायला ३०२ ठीक आहे, मातीच्या अर्काला त्याचा उपयोग नाही.

मग सरळ २०२ ला का मोजू नये? कारण तिथे सगळेच शोषतात. क्लोराइड, ब्रोमाइड, बायकार्बोनेट, हायड्रॉक्साइड, सेंद्रिय आम्ले, यांपैकी कोणीही गप्प बसत नाही. २ मोलर क्लोराइडचा पट्टा २०० च्या खाली असला तरी त्याची शेपटी २०५-२१० पर्यंत येते. त्यात बऱ्याच यंत्रांत ड्युटेरियम दिव्याचा प्रकाश तिथे अशक्त झालेला असतो आणि भरकटलेला, म्हणजे भलत्याच तरंगलांबीचा, प्रकाश वाढलेला असतो. म्हणून आपण पट्ट्याच्या उतरणीवर, २२० ला येतो. इथे लिटरला १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे एका सेंटिमीटरला सुमारे ०.२५ शोषण मिळते. संवेदनशीलता गमावली, पण क्लोराइडपासून सुटका झाली.

उतरणीवर मोजण्याची किंमत मात्र द्यावी लागते. शिखरावर तरंगलांबी थोडी हलली तर वाचन फारसे बदलत नाही. २२० ला एक नॅनोमीटर इकडेतिकडे झाले की वाचन दहा टक्क्यांच्या आसपास बदलते. म्हणून दुसऱ्या यंत्रावर किंवा गेल्या महिन्यात काढलेला उतार वापरू नका. त्याच दिवशी, त्याच स्लिट-रुंदीला, त्याच क्युव्हेटमध्ये स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या संहतीची द्रावणे, वाचा. पुस्तकातली मोलर शोषकता घेऊन थेट हिशोब करणाऱ्यांचे आकडे याच कारणाने एकमेकांशी जुळत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे. स्पेक्ट्रोफोटोमीटरला नायट्रेट ओळखू येत नाही. २२० ला किती प्रकाश हरवला एवढेच तो सांगतो. काळ्या मातीच्या अर्कात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात आणि तेही २२० ला शोषतात. त्यांचे शोषण किती, हे आपण २७५ वरून ताडतो, कारण तिथे नायट्रेटचे शोषण नगण्य असते. पोत्यासकट धान्य तोलायचे आणि पोत्याचे वजन दुसऱ्याच एका पोत्यावरून ठरवायचे, तसा हा प्रकार आहे. पोती सारखी असतील तोवर कोणाची तक्रार येत नाही.

ती सारखी का नसतात? ह्युमिक आणि फल्व्हिक पदार्थांचा (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून आलेल्या रंगीत संयुगांचा) वर्णपट तरंगलांबी कमी होईल तसा साधारण घातांकी वेगाने चढत जातो. तो किती उभा चढतो ते पदार्थाच्या जातीवर ठरते. हा चढ प्रति नॅनोमीटर ०.०१२६ असेल तर २७५ पासून २२० पर्यंतच्या ५५ नॅनोमीटरमध्ये शोषण बरोबर दुप्पट होते. चढ ०.०२ असेल तर तिप्पट आणि ०.०२५ असेल तर चौपट. प्रत्यक्ष वर्णपट इतका सुबक घातांकी नसतो, २५० ते २८० च्या दरम्यान सुगंधी (ॲरोमॅटिक, बेंझिनसारख्या) वलयांचा खांदा दिसतो, पण मुद्दा तोच राहतो. जुने, गडद, मोठ्या रेणूंचे पदार्थ असतील तर चढ मंद. ताजे, फिकट, लहान रेणूंचे असतील तर चढ उभा. त्यामुळे 'दोन' हा आकडा एखाद्या मातीला नेमका बसू शकतो, पण शेजारच्या मातीला तो बसेलच असे नाही.

याचा परिणाम किती होतो ते काल्पनिक आकड्यांवर पाहा. समजा १० ग्रॅम ओली माती घेतली आणि कोरड्या वजनावर ओलावा १५ टक्के आहे. म्हणजे कोरडी माती ८.७० ग्रॅम आणि मातीतलेच पाणी १.३० मिलिलिटर. १०० मिलिलिटर क्षारद्रावण घातल्यावर एकूण द्रव १०१.३ मिलिलिटर झाला. कॅलिब्रेशनचा उतार ०.२५२ आहे.

पहिल्या मातीत २२० चे वाचन ०.४१२ आणि २७५ चे ०.०१८ आले. दोनाने गुणून वजा केल्यास उरतात ०.३७६, म्हणजे अर्कात लिटरला १.४९ मिलिग्रॅम आणि मातीत किलोला १७.४ मिलिग्रॅम. खरा गुणक चार असता तरी उत्तर १५.७ आले असते. दहा टक्क्यांचा फरक, शेतीच्या निर्णयाला चालून जाईल.

दुसरी माती काळी आहे आणि तिच्यात नायट्रेट कमी आहे. २२० चे वाचन ०.१५० आणि २७५ चे ०.०३६. गुणक दोन धरला तर किलोला ३.६ मिलिग्रॅम. तीन धरला तर १.९. चार धरला तर ०.३. यंत्र तेच, वाचने तीच, आणि उत्तर बारा पटीने बदलले. तुमच्या काळ्या मातीत हेच होत असणार. शिवाय इथे वजावट ०.०७२, म्हणजे २२० च्या वाचनाच्या ४८ टक्के आहे. १० टक्क्यांची ती अट वहीत असती तर हा नमुना तिथेच बाजूला निघाला असता.

मग घातलेले नायट्रेट ९८ टक्के परत कसे मिळाले? या चाचणीवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. अर्कात नायट्रेट घातल्यावर २२० चे वाचन जितके वाढायला हवे तितके वाढले, एवढेच या चाचणीतून कळते. म्हणजे उतार बरोबर आहे. सुरुवातीच्या वाचनात नायट्रेट किती आणि इतर किती, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. घालण्यापूर्वी ०.०७ इतके सेंद्रिय शोषण होते, घातल्यानंतरही तेवढेच राहिले आणि वजाबाकीत नाहीसे झाले. 'स्टँडर्ड ॲडिशन', म्हणजे अर्कातच वाढत्या मात्रेत नायट्रेट घालून रेषा काढणे, करूनही इथे काही साधत नाही, कारण रेषा मागे वाढवून जो छेद मिळतो त्यात हे सेंद्रिय शोषण नायट्रेट म्हणूनच मोजले जाते. अर्क पाच पट पातळ करून पुन्हा वाचला आणि पाचाने गुणून तेच उत्तर आले, यानेही काही सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच पातळ झाल्या. पातळ करण्याचा उपयोग एवढाच, की वाचन फार वर गेल्यामुळे यंत्र वाकडे चालले आहे का ते कळते.

खरी परीक्षा एकच. अर्कातून फक्त नायट्रेट काढून टाकायचे, बाकी सगळे जसेच्या तसे ठेवायचे आणि पुन्हा वाचायचे. जो फरक पडेल ते नायट्रेट. यासाठी जस्ताचे दाणे सौम्य मोरचुदाच्या द्रावणात क्षणभर बुडवून, धुऊन, त्यांच्यावर तांब्याचा पातळ थर चढवतात. अर्काचा एक भाग सौम्य सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करून त्यात हे दाणे टाकून रात्रभर ठेवतात. नायट्रेटचे क्षपण (रिडक्शन) होऊन ते मुख्यतः अमोनियमच्या रूपात जाते आणि अमोनियम २२० ला शोषत नाही. द्रावणात उतरलेले जस्तही शोषत नाही. दुसऱ्या भागात तेवढेच आम्ल घालायचे, पण दाणे नाही. हायड्रोजन सुटतो, म्हणून नळीला बूच घट्ट लावू नका आणि हे काम धूर खेचणाऱ्या कपाटाखाली करा.

ही कृती तुमच्या हातून नीट होते आहे का, हे तपासायला दोन खुणा आहेत. पहिली, लिटरला २ मिलिग्रॅमचे स्टँडर्ड याच वाटेने न्या. रात्रीनंतर त्याचे वाचन ब्लँकइतके, म्हणजे माती न घालता तशाच नेलेल्या द्रावणाइतके, उतरले पाहिजे. नाही उतरले तर वेळ वाढवा किंवा दाणे बदला. दुसरी खूण २७५ ची. नायट्रेट तिथे जवळजवळ शोषत नाही, तेव्हा क्षपणापूर्वी आणि नंतर तिथले वाचन तेच राहायला हवे. ते घसरले असेल तर सेंद्रिय पदार्थही दाण्यांवर बसला किंवा साक्यात (तळाशी बसणाऱ्या गाळात) गेला, आणि फरकातून काढलेले नायट्रेट फुगलेले असेल.

प्रत्येक नमुन्याला हा खटाटोप परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. आपल्या मातीच्या पट्ट्यातले वीस-तीस अर्क निवडा, उथळ-खोल, शेणखत दिलेले-न दिलेले असे सगळे त्यात येऊ द्या. प्रत्येकाचे क्षपणानंतरचे २२० चे वाचन २७५ च्या वाचनासमोर मांडा. त्या रेषेचा उतार हा तुमचा गुणक. कॅडमियमची पद्धत हाताशी आहे म्हणता, तर त्या आकड्यांवरूनही हे काढता येते: कॅडमियमने मिळालेली संहती कॅलिब्रेशनच्या उताराने गुणायची आणि २२० च्या वाचनातून वजा करायची. उरते ते सेंद्रिय शोषण, ते २७५ समोर मांडायचे. १९८५ मध्ये नॉर्मन, एडबर्ग आणि स्टकी यांनी मातीच्या अर्कांसाठी २१० आणि २७० या जोडीची जी पद्धत मांडली, तिचा गाभाही हाच आहे. ठिपके एका रेषेत बसले तर उत्तम. दोन वेगळे पुंजके दिसले, समजा वरचा थर वेगळा आणि खालचा वेगळा, तर दोन गुणक ठेवा. ठिपके नुसतेच विखुरले तर दोन तरंगलांब्यांची पद्धत त्या मातीला लागू नाही हे कबूल करा आणि पुढे जा.

पुढे म्हणजे दोन वाटा. एक, यंत्र पूर्ण वर्णपट काढू शकत असेल तर दुसऱ्या अवकलजाची (सेकंड डेरिव्हेटिव्हची) पद्धत. २०० ते २५० चा वर्णपट काढायचा, त्याचे दोनदा अवकलन करायचे आणि २२३ ते २२६ च्या दरम्यान येणारे शिखर मोजायचे. ह्युमिक पदार्थाची चढण रुंद आणि संथ असते, तिची वक्रता फार कमी, म्हणून दोनदा अवकलन केल्यावर ती जवळजवळ सपाट होते. नायट्रेटचा उतार मात्र झपाट्याने वळतो आणि तेवढाच उठून दिसतो. गुणकाची कटकटच नाही. अडचण गोंगाटाची आहे, अवकलनाने तो वाढतो. म्हणून सॅव्हित्स्की-गोले पद्धतीने वक्र गुळगुळीत करावा लागतो. खिडकी किती बिंदूंची, स्लिट किती, किती अंतराने वाचन घेतले, यातले काहीही बदलले तर शिखराची उंची बदलते. एकदा ठरवा आणि स्टँडर्ड व नमुने दोघांनाही तेच लावा. माझे मत विचाराल तर, मिश्र प्रकारची माती नेहमी येत असलेल्या प्रयोगशाळेने दोन तरंगलांब्यांपेक्षा हीच पद्धत धरावी. संगणकाला जोडलेल्या यंत्रावर तिला जास्तीचा वेळ असा लागतच नाही.

दुसरी वाट, अतिनील सोडून देणे. पीट, कंपोस्ट, नुकतेच शेणखत टाकलेली माती आणि जंगलातला पालापाचोळ्याचा थर यांच्यासाठी मी अतिनील वापरत नाही. तिथे व्हॅनेडियम क्लोराइडने नायट्रेटचे नायट्राइट करून ग्रीस अभिक्रियेचा गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरला मोजणे बरे. कॅडमियमचे विष हाताळावे लागत नाही आणि काम मायक्रोप्लेटवर भराभर होते.

आता अर्काबद्दल. २ मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे लिटरला १४९ ग्रॅम मीठ, हे मुळात अमोनियम सोडवण्यासाठी आहे. बहुतेक मातींत नायट्रेट कणांना धरून बसत नाही, साध्या पाण्यातही उतरते. तुम्हाला अमोनियम नकोच असेल तर ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड वापरून पाहा. क्लोराइड शंभर पटीने कमी होते, त्यामुळे २१० ला मोजता येते आणि संवेदनशीलता वाढते. कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात, अर्क स्वच्छ मिळतो. नुसत्या पाण्याने काढलेला अर्क मात्र गढूळ राहतो आणि त्यात सेंद्रिय पदार्थही जास्त उतरतो, तो टाळलेला बरा. अपवाद लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असलेल्या आम्लधर्मी मातींचा, विशेषतः त्यांच्या खालच्या थरांचा. त्यांच्यावर धनभार असतो आणि त्या नायट्रेटला धरून ठेवतात. तिथे घट्ट क्षारद्रावणच हवे.

क्षारद्रावण कोणतेही असो, स्टँडर्ड त्याच द्रावणात करा. १०५ अंशाला वाळवलेले ०.७२१८ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर करा, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रोजनचे मूळ द्रावण तयार होते. त्यातून ०.२५ ते ५ पर्यंतची मालिका बनवा. ५ ला शोषण १.२५ च्या आसपास जाते, त्यापुढे मी जात नाही. नमुना वर गेला तर क्षारद्रावणानेच पातळ करा, पाण्याने नाही.

ब्लँकबाबत एक सवय लावून घ्या. यंत्र शून्यावर आणताना ब्लँक ठेवू नका, शुद्ध पाणी ठेवा, आणि ब्लँकचे वाचन आकडा म्हणून लिहून ठेवा. ब्लँकवरच शून्य केले तर त्यात काय काय दडले आहे ते कधीच दिसत नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या प्रत्येक बाटलीत नायट्रेट आणि ब्रोमाइडची अशुद्धी वेगळी असते. फिल्टर पेपरमधूनही नायट्रेट सुटते आणि ते कागदागणिक बदलते, म्हणून कागद आधी क्षारद्रावणाने धुऊन घ्या आणि अर्काचे पहिले काही मिलिलिटर टाकून द्या. ब्लँकही त्याच कागदातून, त्याच शेकरवर तासभर हलवून आला पाहिजे. बाटलीतून थेट क्युव्हेटमध्ये ओतलेला ब्लँक हा ब्लँक नव्हे. सेल्युलोज नायट्रेटची गाळणी या कामाला नकोच. आणि काचसामान नायट्रिक आम्लाने धुण्याची प्रथा असेल तर या कामापुरती ती बंद करा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. हे इतके उघड आहे की कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच वारंवार घडते.

क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी. काच आणि नेहमीचे पॉलिस्टायरिनचे प्लास्टिक २२० चा प्रकाश आत सोडतच नाहीत. काही 'अतिनील' प्लास्टिकची क्युव्हेट २२० पर्यंत कशीबशी चालतात, पण तुम्ही नेमके त्यांच्या काठावर काम करत असता. क्युव्हेटवर बोटांचे ठसे राहिले तर तेही शोषतात.

भरकटलेला प्रकाश तपासायला लिटरला १० ग्रॅम सोडियम आयोडाइडचे द्रावण २२० ला वाचा. ते तिथे जवळजवळ सगळा प्रकाश गिळते, त्यामुळे वाचन ३ च्या वर जायला हवे. २ वरच अडकले तर सुमारे एक टक्का प्रकाश भलत्याच तरंगलांबीचा येतो आहे. अशा यंत्रावर कॅलिब्रेशनची रेषा वरच्या टोकाला वाकते. बहुतेक वेळा दिवा म्हातारा झालेला असतो. ड्युटेरियम दिव्याचे आयुष्य साधारण एक-दोन हजार तासांचे, आणि तो आधी खालच्या तरंगलांब्यांनाच दगा देतो. दृश्य प्रकाशात यंत्र ठणठणीत चालते म्हणून अतिनीलमध्येही चालेल असे धरू नका.

वाचण्यापूर्वी अर्कात आम्ल घाला, ५० मिलिलिटरला १ मिलिलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक पुरते. त्याने बायकार्बोनेट आणि कार्बोनेटचे शोषण जाते. चुनखडीयुक्त मातीच्या अर्कात मात्र कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे क्युव्हेटच्या भिंतीला चिकटतात आणि वाचन नाचू लागते. दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवा, हलवा, मग वाचा. गडद अर्कात आम्ल घातल्यावर ह्युमिक आम्ल साक्यात येऊन गढूळपणा दिसू शकतो. तो दिसला तर पुन्हा गाळा. डोळ्यांना दिसला नाही तरी ४०० नॅनोमीटरचे एक वाचन घेऊन ठेवा. तिथे शोषण दिसले तर ते बहुधा गढूळपणाचे किंवा गडद ह्युमिक रंगाचे असते, नायट्रेटचे तर नक्कीच नसते.

नायट्राइटही २१० च्या आसपास जोरात शोषते. सामान्य, हवा खेळती असलेल्या मातीत ते नगण्य असते, पण नुकतेच युरिया टाकलेल्या किंवा पाणी साचलेल्या मातीत असू शकते. चिमूटभर सल्फामिक आम्ल आम्लधर्मी अर्कात घातले की नायट्राइटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. विरघळलेले फेरिक लोहही या पट्ट्यात शोषते, आणि खाऱ्या मातीत ब्रोमाइडकडे लक्ष ठेवावे लागते. फ्रिजमधून काढलेला गार अर्क लगेच वाचू नका. क्युव्हेटवर बाष्प धरते आणि क्लोराइड-ब्रोमाइडच्या पट्ट्याची शेपटी तापमानाबरोबर सरकते.

रंग काढण्यासाठी ॲक्टिव्हेटेड कोळसा घालण्याचा सल्ला कोणी देईल. घालू नका. कोळसा थोडे नायट्रेटही धरतो, काही कोळशांतून उलट अशुद्धी सुटते, आणि किती धरले ते अर्कागणिक बदलते. एक अनिश्चितता घालवायला दुसरी आणल्यासारखे होते.

नमुन्याच्या हाताळणीतली चूक यंत्रावर कधीच दुरुस्त होत नाही. ओली माती पिशवीत ऊबेला राहिली की सूक्ष्मजीव अमोनियमचे नायट्रेट करत राहतात. थंड ठेवा, लवकरात लवकर अर्क काढा, नाहीतर गोठवा. वाळवायची असेल तर पातळ थरात, ४० अंशांच्या आत, झटपट. आणि इथे अतिनीलचा एक खास धोका आहे: वाळवून पुन्हा ओल्या केलेल्या मातीतून सेंद्रिय पदार्थ जास्त सुटतो. म्हणजे ओल्या मातीवर काढलेला गुणक वाळवलेल्या मातीला लावता येत नाही. शेकरवर किती वेळ हलवले त्यानेही फरक पडतो. गुणक ठरवताना जी रीत धरली तीच पुढे चालवा.

शेवटचा हिशोब करताना दोन जागी गल्लत होते. 'नायट्रेट' आणि 'नायट्रेट-नायट्रोजन' यांत ४.४३ पटीचा फरक आहे, अहवालात कोणते ते लिहा. आणि हेक्टरी किलो काढताना किलोला मिलिग्रॅम, गुणिले घनता, गुणिले खोली सेंटिमीटरमध्ये, भागिले दहा. १२ मिलिग्रॅम, घनता १.३ आणि ३० सेंटिमीटर असेल तर हेक्टरी ४६.८ किलो. घनता अंदाजाने धरली असेल तर त्या दशांशाला अर्थ नाही, ४७ म्हणा. अर्क न काढता मातीवरच थेट अतिनील प्रकाश टाकून परावर्तनावरून नायट्रेट काढता येईल का, असेही लोक विचारतात. येत नाही. लोहाची ऑक्साइडे आणि सेंद्रिय पदार्थ तो प्रकाश आधीच गिळून टाकतात.

तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदा काय केले असते? ज्या काळ्या मातीचे आकडे तिप्पट आले, तिचे शिल्लक अर्क आणि वाळूसर मातीचे दोन अर्क घेऊन २०० ते ४०० चा पूर्ण वर्णपट काढला असता. २४० च्या पुढे वाळूसर मातीचा वक्र तळाला टेकलेला दिसेल. काळ्या मातीचा वक्र ३०० पर्यंत हळूहळू उतरत असेल तर दोष सेंद्रिय शोषणाचा. तो ४०० लाही वर तरंगत राहिला तर आधी गाळणी बदला, गुणकाचा विचार नंतर. आणि काळ्या मातीचाही वक्र २४० नंतर तळालाच टेकत असेल, तर अतिनीलला दोष देऊ नका, कॅडमियमचा स्तंभ थकला आहे का ते पाहा. स्तंभाची क्षमता घटली की तो नायट्रेट कमी दाखवतो, आणि ह्युमिक पदार्थ भरलेल्या अर्कांनी तो लवकर थकतो.